बोअर कुठे घ्यावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात दोन-चार एकर जमीन आणि एक आटलेली विहीर आहे आणि ज्यांच्यासमोर अख्खा एप्रिल-मे उभा आहे, अशांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या वाचकांनी पान उलटलं तरी हरकत नाही. तिकडे पाऊस एवढा पडतो की त्या भागाला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. (तो पाऊस भंडारदऱ्याच्या धरणात साठतो, तिथून खाली सुटतो आणि पुढे त्यावर हक्क कुणाचा, हा वेगळ्या मार्गदर्शिकेचा आणि बहुधा कोर्टाचा विषय आहे.) पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि नगर तालुक्यातल्या मंडळींनी मात्र वही-पेन घेऊन बसावं. कागदोपत्री जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं असलं, तरी बोअरच्या गाडीवाल्याला फोनवर पत्ता सांगताना ‘नगर’च म्हणावं. तो बहुधा परराज्यातला असतो आणि त्याला जुनंच नाव पाठ असतं.

लागणारं साहित्य: शेंडीवाला नारळ एक, अंगारा ऐच्छिक, स्मार्टफोन बाळगणारा पुतण्या एक, पाचशेच्या नोटा (मोजू नयेत, त्रास होतो), आणि काहीही झालं तरी शेवटी ‘मी आधीच म्हणत होतो’ असं म्हणणारे एक चुलते. चुलत्यांची सोय बहुतेक घरांत असतेच.

पहिली पायरी: जागा ठरवणे

नवशिके इथेच चुकतात. ते आधी तज्ज्ञाला बोलावतात आणि मग जागा ठरवतात. अनुभवी शेतकरी आधी जागा ठरवतो. विजेचा खांब कुठे आहे, केबल किती लागेल, पाइपलाइनची चारी कुठून गेली आहे, गाडीला आत यायला रस्ता कुठून आहे, आणि मुख्य म्हणजे धाकट्या भावाच्या बांधापासून जागा किती लांब आहे, एवढं बघितलं की चार एकरांतली साडेतीन एकर आपोआप बाद होतात. उरलेल्या अर्ध्या एकरात कडुनिंबाखाली गाडीला सावली असते. म्हणजे जागा ठरली. आता तज्ज्ञाला बोलवा.

तुम्ही विचाराल, जागा ठरली तर तज्ज्ञ कशाला? तेच सांगायचं आहे. पाणी कुठे आहे हे कळावं म्हणून तज्ज्ञाला कुणी बोलवत नाही. पाणी लागलं नाही तर ते कुणामुळे लागलं नाही, हे आधी ठरलेलं असावं म्हणून बोलावतात. बोअरला लाखभर रुपये सहज जातात. एवढे पैसे स्वतःच्या अकलेवर घालवले असं घरात सांगता येत नाही. ‘पाणाड्यानं सांगितलं’ असं सांगता येतं. ‘मशीननं दाखवलं’ हे तर आणखी चांगलं, कारण मशीनशी भांडायला सासऱ्यांनाही जमत नाही.

दुसरी पायरी: पाणाडी

पाणाडी शोधावा लागत नाही. चावडीवर नुसतं ‘बोअर घ्यायचाय’ म्हणा, संध्याकाळपर्यंत तीन नावं येतात. प्रत्येक नावासोबत एक बोअर येतो, ‘अमक्याचा बघ, पाच इंची पाणी हाय, त्यानंच दाखवलेला.’ फेल गेलेला बोअर नावासोबत येत नाही. तो ज्याच्या शेतात आहे तो गप्प असतो, कारण त्याला अजून चुलते बोलताहेत.

पाणाड्यांत पोटजाती आहेत. उंबराची किंवा कडुनिंबाची बेचकी दोन्ही हातांत धरून चालणारा, तांब्याच्या दोन वाकवलेल्या काड्यांवाला, किल्ल्यांचा जुडगा साखळीला टांगणारा, आणि जन्माला येताना पायाकडून आलेला पायाळू, ज्याला साहित्यच लागत नाही. नगरकडे चालतो तो नारळवाला. उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि अनवाणी चालायचं. पाण्याची शीर आली की नारळ उभा राहतो. हे बघण्यासारखं असतं. आधी मनगट ताठ होतं, मग बोटं जराशी वर येतात, नारळ थरथरतो आणि झटकन शेंडी आभाळाकडे करून उभा. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. त्याचा स्वतःचाही विश्वास असतो, म्हणून त्याला ढोंगी म्हणू नये. फक्त एकदा नारळाकडे बघायचं सोडून त्याच्या डोळ्यांकडे बघा. डोळे तुमच्या पायांकडे असतात. तुम्ही कडुनिंबाजवळ आलात की तुमची चाल मंदावते, आणि नारळाला ते कळतं.

आता भाकीत नीट ऐका. ‘दीडशेला ओल लागंल. अडीचशेला दोन इंची. साडेतीनशेच्या म्होरं जाऊ नका.’ नवशिक्याला हे भविष्य वाटतं. हे खरं तर करारपत्र आहे, आणि त्यात पळवाटा भरपूर आहेत. तीनशेला थांबलात तर ‘पन्नास फूट राहिलं की राव’. चारशेला गेलात तर ‘मी म्होरं जाऊ नका म्हणलो व्हतो, खालच्या पोकळीत पाणी उतारलं’. ओल तर दीडशेला लागतेच, कुठेही. पैसे किती, असं विचारू नका. ‘विद्येचं पैसं घेत न्हाई, नारळ आन् खुशी’ असं उत्तर येतं. मग खुशी किती, ते त्याच्यासोबत आलेला माणूस बाजूला घेऊन सांगतो.

एवढी थट्टा केल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुना पाणाडी चार दिवस आधीच रानात फिरून गेलेला असतो. ओढ्याची दिशा, उन्हाळ्यातही हिरवं राहणारं गवत, शेजारच्या दोन विहिरी एका ओळीत आहेत का, त्यांच्या कड्यात कोणता खडक उघडा पडला आहे, हे त्यानं पाहिलेलं असतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय याच कामावर आहे. जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिणेच्या बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असे आडाखे त्यात आहेत. जांभळाला ओल लागते, वाळवीलाही लागते, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नाही. अडचण अशी की हे डोळ्यांचं ज्ञान आहे, आणि पाणाडी त्याचं श्रेय नारळाला देतो. वराहमिहिराचं ‘दोन पुरुष खोल’ म्हणजे हातांनी खणलेल्या विहिरीचं पाणी. चारशे फुटांखालचं सांगायला वारुळाला कोण विचारणार?

बेचकीचा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. जर्मनीत म्युनिकच्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1987-88 साली एका कोठारात याची मोठी परीक्षा घेतली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप एका गाड्यावर ठेवून दहा मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने त्याची जागा सांगायची. निवडून घेतलेले 43 पाणाडी, 843 चाचण्या. परीक्षा घेणाऱ्यांनीच मान्य केलं की बहुतेकांना काही जमलं नाही, मात्र मोजक्या काही जणांकडे खरंच विद्या आहे, असंही त्यांचं म्हणणं पडलं. पुढे जिम एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. डोळे मिटून दर वेळी रेषेचा मधला बिंदू सांगितला असता, तर त्यापेक्षा सगळ्यात हुशार पाणाडी सरासरीने फक्त चार मिलिमीटर सरस ठरला होता. दहा मीटरांत चार मिलिमीटर! बोअरचं भोकच त्याच्या कितीतरी पट मोठं असतं.

तिसरी पायरी: मशीनवाला

मशीनवाले दोन प्रकारचे. पहिला भूगर्भशास्त्र शिकलेला. तो चार लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकतो, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतो आणि आतल्या दोन खुंट्यांत दाब मोजतो. वायर लांबवत जातो तसतसं खोलवरचं कळतं. कोरडा कातळ विजेला अडवतो, ओला खडक वाट देतो. शास्त्र सरळ आहे. भानगड अशी की चिकणमातीही विजेला वाट देते, आणि पाणी मात्र देत नाही. म्हणून हा माणूस ‘पाणी आहे’ असं कधी म्हणत नाही. ‘इथे शक्यता तुलनेने बरी आहे’ असं म्हणतो. हे ऐकून शेतकऱ्याचा चेहरा पडतो. एवढे पैसे देऊन शक्यता? पाणाड्यानं तर इंच सांगितले होते! असा माणूस धंद्यात टिकत नाही. टिकायचं असेल तर त्यालाही दुसऱ्या वर्षापासून इंच सांगावे लागतात.

दुसरा प्रकार सूटकेसवाला. त्याच्याकडे पडद्यावर रंगीत चित्र येतं, वर लाल-पिवळं, मध्ये हिरवं, आणि कुठेतरी खाली सुंदर निळा डाग. निळा डाग बघितला की शेतकऱ्याला मोटर चालू झाल्याचा आवाज ऐकू येतो. इथे नवशिक्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा, ‘साहेब, हा निळा रंग कशाचा?’ उत्तर बहुधा ‘पाण्याचा’ असं येईल. खरं उत्तर असं, की निळा रंग कमी रोधाचा आहे, आणि ‘कमी’ म्हणजे बऱ्याचदा त्या चित्रातल्या बाकीच्या आकड्यांपेक्षा कमी. प्रोग्राम आपणहून रंग वाटत असेल, तर सगळ्यात मोठ्या आकड्याला लाल आणि सगळ्यात लहान आकड्याला निळा मिळतो. म्हणजे निखळ कातळाच्या रानातही निळा डाग कुठेतरी निघणारच. तो नेमका कडुनिंबाजवळ निघाला, तर चित्राची रंगीत प्रत काढून लॅमिनेट करून घ्या. पाणी नाही लागलं तरी घरात दाखवायला उपयोगी पडते.

या दोघांना ज्याच्याशी झुंजावं लागतं तो खडक जरा समजून घ्या, कारण बाकीचे सगळे तज्ज्ञ त्याच्याबद्दल बोलतच नाहीत. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर. त्यात भूमिगत नद्या वाहत नाहीत. ‘पाण्याची शीर’ ही कल्पना माणसाच्या हातावरून आली असावी. घट्ट काळ्या कातळात पाणी जवळजवळ नसतंच. पाणी असतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या फुटक्या खडकात, मांजऱ्या खडकात जिथे भेगा आहेत तिथे, आणि दोन थरांच्या सांध्यात. वरचा फुटका थर एकदा ओलांडला की खाली जाणं म्हणजे नुसती आशा. खाली एखादा ओला सांधा सापडतोही, पण तो किती लांब पसरला आहे आणि त्यात पावसाचं पाणी पुन्हा उतरतं का, हे वरून नारळालाही दिसत नाही आणि सूटकेसलाही नाही. म्हणूनच दहा फुटांवर शेजाऱ्याला तीन इंची आणि तुम्हाला फुफाटा, असं होतं. त्यात नशीब काही नाही, खडकच तसा आहे.

पाचशे-सहाशे फुटांच्या गप्पा मारणाऱ्यांना हेही माहीत असावं की 2009 चा महाराष्ट्राचा भूजल कायदा 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानतो आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई करतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्याही आत. चावडीवर हे सांगून बघा, लोक विषय बदलतात.

चौथी पायरी: फोन

हे काम पुतण्याचं. तो फोनमधल्या बुद्धिमान यंत्राला विचारतो, ‘आमच्या गटात पाणी कुठे लागेल?’ यंत्र क्षणात उत्तर देतं, तेही शुद्ध मराठीत. भूरचना, पर्जन्यमान, खडकांचा प्रकार, जवळच्या विहिरींची पातळी, सगळे घटक क्रमाने येतात. पाथर्डीतल्या कुठल्याही सरपंचाला जमणार नाही इतकं सुबक भाषण होतं. शेवटचं वाक्य, ‘अंतिम निर्णयापूर्वी स्थानिक तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ स्थानिक तज्ज्ञ म्हणजे नारळवाला. आपण दुसऱ्या पायरीवर परत आलो.

पुतण्या शिकलेला असतो, तो सोडत नाही. ‘तू भूवैज्ञानिक आहेस असं समज आणि एकच जागा सांग’ म्हणतो. यंत्र सांगतं, शेताची वायव्य बाजू. पुतण्या लिहितो, पण आमचा पाणाडी ईशान्य म्हणाला. यंत्र लगेच म्हणतं, आपले निरीक्षण योग्य आहे, ईशान्य बाजू अधिक अनुकूल वाटते. इथे पाणाड्याचा मोठेपणा लक्षात येतो. त्यानं एकदा टाच रोवून दगड ठेवला की देव आला तरी तो दगड हलवत नाही.

यंत्राला जागा सांगणं कधीच जमणार नाही असं मात्र समजू नका. जमिनीखालचं सांगणारा कॉम्प्युटर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच बनवला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात ‘प्रॉस्पेक्टर’ नावाचा प्रोग्राम तयार केला. नामवंत भूवैज्ञानिकांना तासन्‌तास प्रश्न विचारून त्यांचे आडाखे त्यात भरले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट टॉलमन इथे मॉलिब्डेनमचा साठा पुढे कुठवर पसरला असेल ते त्याने सांगितलं आणि भोकं पाडल्यावर ते बऱ्यापैकी खरं निघालं. पण तिथे आधीच भरपूर भोकं पाडलेली होती आणि प्रत्येकाची नोंद होती. आपल्या गावात चाळीस वर्षांत पडलेल्या भोकांची नोंद कुठे आहे? यंत्राला काय खायला घालणार, चावडीवरच्या गप्पा?

त्याच काळात स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरांसाठी ‘मायसिन’ नावाचा प्रोग्राम झाला. मेंदूज्वराच्या रोग्यांना कोणतं औषध द्यावं, यावर 1979 साली त्याची परीक्षा छापून आली. कोणतं उत्तर कुणाचं हे न सांगता परीक्षकांना दाखवलं. मायसिनची 65 टक्के उत्तरं ग्राह्य ठरली. त्याच विद्यापीठाच्या अध्यापक डॉक्टरांपैकी सगळ्यात वरच्याला 62.5 टक्के मिळाले, सगळ्यात खालच्याला 42.5. एवढं करून मायसिन खऱ्या वॉर्डात कधी वापरला गेला नाही. कारणं बरीच होती, पण एक कारण आपल्या चावडीलाही समजेल असं आहे. रोगी दगावला तर सही कुणाची?

बोअरच्या बाबतीत हा प्रश्न सुटलेला आहे. फोनचं ऐकून बोअर फेल गेला तर जबाबदारी पुतण्याची.

पाचवी पायरी: गाडी

गाडी रात्रीच येते. दिवसा ती दुसऱ्याच्या रानात असते. बरीचशी गाडीवाली मंडळी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडची. सोबत कॉम्प्रेसरची दुसरी गाडी, पाइपांची चळत, आणि हिंदी-तमिळ-मराठी एकत्र बोलणारी पोरं. नारळ फुटतो (नारळवाल्याचा नव्हे, दुसरा, तो वापरलेला नारळ त्याने नेलेला असतो), आवाज सुरू होतो आणि शेजारपाजारची कुत्री गाव सोडतात.

आता भोकातून काय येतंय ते बघत उभं राहा. आधी तांबूस मुरूम, मग राखाडी भुकटी. काळसर निळी भुकटी सुरू झाली की समजायचं कातळ लागला. कधी मधेच विटकरी रंगाची माती येते. दोन लाव्ह्यांच्या मधला हा थर, आणि इथे जमलेले सगळे पुढे सरकतात. ऑपरेटर चिमूटभर भुकटी बोटांत चोळतो, काही बोलत नाही आणि पुढचा पाइप जोडायला सांगतो.

त्या रात्री तुमच्या शेतात उभ्या असलेल्या सगळ्यांत खरा तज्ज्ञ तो ऑपरेटर आहे. त्याने या जिल्ह्यात जितके फूट खडक फोडला, तितका कुठल्या प्राध्यापकाने पाहिलेला नसेल. भुकटी बघून खाली काय असेल हे त्याला बऱ्यापैकी कळतं. पण त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर एकच, ‘और पचास फीट देखो.’ कारण त्याला पैसे फुटावर मिळतात, आणि जसजसं खोल जाल तसतसा फुटाचा भाव टप्प्याटप्प्याने वाढतो. ज्याला कळतं त्याचा फायदा तुमच्या तोट्यात आहे, ही अडचण नारळाने, सूटकेसने आणि फोनने सुटत नाही. या टप्प्यावर चुलत्यांना झोपायला पाठवावं.

हिशेबाची पायरी (ही बहुतेक लोक गाळतात)

समजा पाणी लागलं. मग पाणाडी बरोबर ठरला, मशीन बरोबर ठरलं, आणि पुतण्याने स्टेटस ठेवलं. पण एक विचारा, त्या वर्षी पाऊस कसा होता? 2025 च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे अतिवृष्टीने शेतं वाहून गेली. अशा पावसानंतर वरचा मुरूम तुडुंब असतो. तेव्हा गुराख्याने मारलेला दगड जिथे पडेल तिथे बोअर घेतला तरी ओल लागते. त्या हंगामात जिल्ह्यात एकही वाईट पाणाडी नसतो. आणि दोन पावसाळे कोरडे गेले की चांगला पाणाडीही उरत नाही. म्हणजे तज्ज्ञ किती खरा हे बघायचं, तर त्याने सांगितलेल्या बोअरच्या शेजारी कुणीही न सांगितलेला बोअरही बघावा लागेल, त्याच वर्षी, त्याच खडकात. असा बोअर कोण घेणार?

तज्ज्ञांच्या अंदाजाला साध्या गणिताशी झुंजवायचं काम पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली एका छोट्या पुस्तकात केलं होतं. कोण शिक्षणात टिकेल, कोण पुन्हा गुन्हा करेल, असल्या प्रश्नांवर वीसेक अभ्यास त्याने पुढे ठेवले. अनुभवी माणसाचा आतला आवाज चार-दोन आकड्यांच्या बेरजेला जवळपास कुठेच हरवू शकला नव्हता. तेव्हाही तज्ज्ञ मंडळी चिडली होती. पण बेरीज करायला आकडे लागतात, आणि ते आधी कुणीतरी कंटाळा न करता लिहून ठेवलेले असावे लागतात.

आपल्याकडे लिहून ठेवणारे आहेत. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिलेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. माणूस येतो, फीत सोडतो, आकडा लिहितो, जातो. यात बघण्यासारखं काही नाही. नारळ उभा राहत नाही, म्हणून गर्दीही जमत नाही.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हेच कंटाळवाणं काम गावात आणलं. पोपटराव पवारांच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं, ऊस-केळी लावायची नाही असंही ठरवलं. गावात पाऊस मोजतात आणि भूजल यंत्रणेच्या मदतीने यंदा किती पाणी मुरलं याचा ताळेबंद काढतात. माणसं आणि जनावरं यांचं पाणी आधी बाजूला ठेवतात. उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेपुढे येतं, आणि पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला नाही म्हणतात. 2020 साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली, त्यामुळे गाव बघायला गाड्या भरून लोक जातात. परत येताना गाडीत चर्चा अशी असते, ‘झाडं चांगली वाढवलीत राव. आपल्याकडं बोअरला कुठला पाणाडी चांगला?’

यात एक गोम आहे. तिथला तज्ज्ञ म्हणजे पर्जन्यमापक, पत्र्याची साधी नळी. त्याला वायव्य-ईशान्य काही कळत नाही. पाणी कुठे आहे हा प्रश्नच त्याला विचारत नाहीत, किती आहे एवढंच विचारतात. आणि उत्तर आवडलं नाही तर दोष देता येईल असा एकही माणूस समोर नसतो. भर ग्रामसभेत शेजाऱ्यादेखत स्वतःच्या गव्हाला नाही म्हणावं लागतं. हे ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठीच ही मार्गदर्शिका आहे.

शेवटची पायरी: बोअर फेल गेल्यावर

पाणाड्याला शिव्या देणं दोन दिवसांत उरका. गाडी गावात आहे तोवर दुसरा बोअर घेतला तर भावात सूट मिळेल, असं पहाटे तीनला कुणीतरी म्हणेलच. तेव्हा पाकीट बायकोकडे द्या.

मग सकाळी उठल्याबरोबर भोक बुजवा. इथे थट्टा नाही. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडून गेली आहेत, आपल्या जिल्ह्यातही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं आहे की सोडून दिलेला बोअर दगड, मुरूम, माती घालून तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरावा. वर फाटकं पोतं आणि त्यावर दगड, याला भरणं म्हणत नाहीत.

भरून झाल्यावर वर सिमेंटचा छोटा चौथरा करा आणि तो वाळला की त्यावर ऑइलपेंटने ठळक लिहा, बोअरची तारीख, किती फूट गेला, कितव्या फुटाला कोणता खडक लागला, आणि जागा कुणी सांगितली: नारळाने, सूटकेसने की फोनने. शेजाऱ्याकडे असे दोन आहेत आणि ओढ्यापलीकडे चार, त्यामुळे रंगाचा डबा आणायचाच तर मोठा आणा.